बाद ठरवण्याआधी हेड तपासा, आणि जुनं हेड मालकाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस वर्षांवरच्या मोटारींच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. तेव्हापासून जुन्या गाड्यांवर बरंच काही वाचायला मिळतं. धूर, फिटनेस, भंगार, सगळं येतं. पण जुनी गाडी गॅरेजात गेल्यावर तिचं काय होतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या गाडीचं जे झालं ते सांगावं म्हणून हे पत्र.

माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्या वडिलांची, अण्णांची. अण्णा मिरजेला रेल्वेत होते. गाडीचं सगळं ते एका वहीत लिहून ठेवायचे. ऑइल कधी बदललं, टॅपेट कधी सेट केले, पंखा-बेल्ट कुठल्या दुकानातून आणला. १९९४ साली पहिल्यांदा इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं जाड झाकण, उतरवलं, तेव्हा मेकॅनिककडून पंच आणि हातोडी मागून घेऊन त्यांनी हेडच्या कडेला ‘९४’ असे दोन आकडे स्वतः ठोकले होते. पुढे ते आकडे किती कामाला येणार आहेत, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!

मे महिन्यात जयसिंगपूरला निघाले असताना अंकलीच्या पुलाच्या अलीकडे रेडिएटरचा खालचा होज पाइप फुटला. काटा लाल रेषेवर गेलेला मला दिसला. पण सावली बघून थांबू म्हणून मी तशीच आणखी तीनेक किलोमीटर गाडी रेटली. ही चूक माझी, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं: काटा लालवर गेला की ऊन असो, पाऊस असो, गाडी तिथल्या तिथे बंद करायची.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतं. हेड नटांनी घट्ट आवळलेलं असतं, त्याला पसरायला जागा नसते, मग ते धनुष्यासारखं वाकतं. वाकलं की मधलं पॅकिंग नीट दाबलं जात नाही आणि पाणी, ऑइल, जळालेला वायू, सगळं एकमेकांत शिरतं. माझ्या गाडीत तिन्ही खुणा दिसत होत्या. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पिवळट फेस, सायलेन्सरमधून पांढरी वाफ, आणि इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये पाहिलं तर पाण्यात सारखे बुडबुडे.

जवळच्या गॅरेजवाल्याने हेड उतरवलं, वरवर पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ह्यात आता राम राहिला नाही. नवीन मिळत नाही. माझ्या ओळखीच्या माणसाकडनं चांगलं हेड आणून बसवतो.” सपाटी बघायची पट्टी लावली नाही, फट मोजायच्या पातींचा फीलर गेज काढला नाही. पाच दिवसांनी गाडी दिली, १६,००० रुपये रोख घेतले, पावती दिली नाही. बँकेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईने पावती न घेता पैसे दिले, याचं मला आजही वाईट वाटतं. माझं जुनं हेड मागितलं तर उत्तर आलं, “ते कशाला पाहिजे तुम्हाला? ते भंगारात गेलं.”

अठरा दिवसांत पुन्हा तोच फेस.

मग मला म्हैसाळचे एक जुने मेकॅनिक भेटले. त्यांना आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात. भायखळ्याच्या एका गॅरेजात त्यांची उमेदीची वर्षं गेली, सगळं काम काळ्या-पिवळ्या टॅक्सींचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. मामा त्याच्या आधीच गावी आले होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी त्यांनी हजार वेळा उघडली असेल. त्यांनी बॉनेट उचललं आणि पहिला प्रश्न विचारला, “तुमचं स्वतःचं हेड कुठाय?”

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गॅरेजात हाताखाली काम करणाऱ्या पोराला गाठलं आणि माल कुठे जातो ते विचारलं. मार्केट यार्डामागचा भंगारवाला. अ‍ॅल्युमिनियमचा ढीग माझ्या खांद्याएवढा होता. कुकर, पातेली, पंख्याची पाती, मोटारसायकलींची इंजिनं, पिस्टन. भंगारवाल्याचा मुलगा भला होता, तो माझ्याबरोबर तासभर ढीग उपसत राहिला. कुकरच्या झाकणांखाली एक हेड पालथं पडलं होतं. कडेवरचं काळं ऑइल मी पदराने पुसलं तर खाली ‘९४’. अण्णांच्या हाताने ठोकलेला नऊ थोडा तिरका आहे, तो तसाच तिरका होता. काट्यावर नऊ किलो भरलं. १७० रुपये किलोने १,५३० रुपये मोजून मी माझंच हेड विकत घेतलं.

मामांनी गाडीतलं हेड उतरवलं आणि दोन्ही हेडं डिकीत टाकून आम्ही त्यांच्या भाच्याच्या गाडीने कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे अशी कामं करणारी मशीन शॉप अजून आहेत. कारागिराने आधी दोन्ही हेडं धुऊन खरवडली. मग माझ्या हेडवर पोलादी पट्टी तिरकी ठेवली, दुसऱ्या बाजूने बॅटरीचा उजेड धरला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. ०.२५ मिलिमीटरची पात मधोमध सहज आत गेली. तो म्हणाला, “ताई, हेड मेलेलं नाही. वाकलंय.”

खरी परीक्षा त्यानंतरची. हेडमधल्या पाण्याच्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्यांनी बंद केल्या, एका भोकातून हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. गरम पाण्यातच का, तर गार हेडमध्ये मिटलेली भेग तापल्यावर उघडते. आम्ही चौघं टाकीवर वाकून उभे होतो. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे सुटले, ती अडकलेली हवा होती. मग पाणी निवांत झालं. दहा मिनिटं झाली तरी एक बुडबुडा नाही. नंतर दुसरं हेड टाकीत सोडलं, ज्याचे माझ्याकडून १६,००० घेतले होते ते. हवा भरल्याबरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधून बुडबुड्यांची सरळ माळ वर येऊ लागली. बाहेर काढून पुसल्यावर त्या जागी केसाएवढी भेग नखाला लागत होती.

म्हणजे माझं दुरुस्त होणारं हेड न तपासता भंगारात गेलं, आणि फुटकं हेड न तपासता माझ्या गाडीत बसलं. त्या गॅरेजवाल्याच्या मनात लबाडी होती असं मी म्हणत नाही, मला ते सिद्धही करता येणार नाही. पण पट्टी आणि पात एवढ्या साधनांत जे कळतं ते त्याने पाहिलं नाही, आणि माझी वस्तू मला न विचारता विकली.

माझ्या हेडला फेस मारला, म्हणजे त्याचा तळ मशीनवर घासून सपाट केला, त्यात ०.३ मिलिमीटर गेलं. व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले, व्हॉल्व्हचे दांडे ज्यांतून सरकतात ते दोन गाईड बदलले. सगळं मिळून ३,४०० रुपये झाले, पावतीसह. पॅकिंगचा सेट पुण्याहून मागवला. बसवताना मामांनी स्टडचे आटे ब्रशने साफ केले, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत नेले, तेही तीन फेऱ्यांत आणि आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने. पाचशे किलोमीटर चालल्यावर गार इंजिनावर नट पुन्हा तपासले आणि टॅपेट परत लावले. आणि हे सगळं करण्याआधी त्यांनी रेडिएटर उघडायला लावला. निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. वर्षानुवर्षं मी त्यात बोअरचं पाणी ओतत आले होते. होज फुटला हे निमित्त, इंजिन त्याआधीपासूनच तापत होतं. पहिल्या गॅरेजात रेडिएटरकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. तिथे अगदी कोरं करकरीत हेड जरी बसवलं असतं तरी पुढच्या उन्हाळ्यात तेही वाकलं असतं.

हेड बदलायला माझा विरोध नाही. भेग आरपार असेल, पाण्याच्या वाटांच्या कडा क्षाराने खाऊन गेल्या असतील, किंवा आधीच इतक्या वेळा फेस मारलेला असेल की घासायला धातू उरला नाही, तर ते बदललंच पाहिजे. काही भेगा आर्गन वेल्डिंगने भरतात, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम आहे. माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय तपासल्यावर व्हावा, आणि मालकासमोर व्हावा. पट्टीखालचा उजेड मला दिसला तसा कुणालाही दिसेल, त्यासाठी इंजिनातलं काही कळावं लागत नाही. जुन्या बाजारातून आणलेलं हेडसुद्धा टाकीत बुडवून पाहिल्याशिवाय कुणाच्या गाडीत चढवू नये.

दुसरी गोष्ट जुन्या भागांची. गाडीतून निघालेला प्रत्येक भाग मालकाचा आहे. तो त्याला नको असेल तर त्याने तसं सांगावं, पण गॅरेजने परस्पर विकू नये. पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पावती देण्यासारखीच सवय जुने भाग परत देण्याचीही लागली पाहिजे. कामाच्या कागदावर एकच ओळ वाढवावी, ‘जुने भाग परत दिले’, आणि तिच्याखाली मालकाची सही घ्यावी. आमच्या जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हे मनावर घेतलं तर त्यासाठी सरकारच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

मामांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. उद्यमनगरातल्या त्या कारागिराच्या हाताखाली एकही शिकाऊ मुलगा मला दिसला नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना वाकलेलं हेड आणि फुटलेलं हेड यांतला फरक हाताने कळायला हवा. भेग पडलेलं ते हेड मी टाकलेलं नाही, गोणपाटात गुंडाळून ओसरीत ठेवलं आहे. आपल्या भागातल्या कुठल्याही आयटीआयच्या शिक्षकांना मुलांना दाखवण्यासाठी ते हवं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी स्वतः पद्मिनीतून आणून देईन.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज