माजलगावच्या सीएससी सेंटरवाल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

मी बप्पांची थोरली लेक. तुम्ही फोनवर आभार मानूच दिले नाहीत, “अहो ताई, त्यात काय एवढं” म्हणून विषय संपवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

गावच्या ग्रुपवर ‘पीएम किसान लाभार्थी यादी’ नावाची फाईल आली होती. दोन हजारांचा हप्ता अडकलेला, त्यात पाठवणारा नंबर ओळखीचा. बप्पांनी ती दाबली, फोनने विचारलं त्याला ‘होय’ म्हणत गेले. यादी काही दिसली नाही. घरातल्या सगळ्यांच्या नंबरवर मात्र तीच फाईल आपोआप जायला लागली. पाठवणाऱ्याचाही फोन असाच अडकलेला असणार.

तुम्ही आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकलात, मग स्वतःच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवायला लावलंत. ॲपचं चित्र स्क्रीनवर नव्हतंच. सेटिंगमध्ये सापडलं तर ‘अनइन्स्टॉल’ दबेना. त्याने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचा, हक्क घेतला होता, तो काढल्यावरच ते निघालं. मेसेज वाचायची परवानगी त्याच्याकडे होती, म्हणजे ओटीपी सरळ चोराच्या हाती. पैसे वाचले ते तुमच्या या घाईमुळे.

पण माझे खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. दुकानात गर्दी असताना तुम्ही बप्पांना एका शब्दानं हिणवलं नाहीत. (बँकेत गेले असते तर काय ऐकावं लागलं असतं, ते न बोललेलं बरं.) स्टूल देऊन बसवलंत आणि फाईलच्या नावाचं शेपूट दाखवलंत: “बप्पा, यादी असली तर पीडीएफ उघडते, फोटो असला तर दिसतो. ‘इन्स्टॉल करू का’ म्हणून इचारतंय ना, मग ती यादी न्हाई, ॲप हाय. शेवटी एपीके दिसलं की हात लावायचा न्हाई.” मग व्हॉट्सॲप आणि क्रोमला असली ॲप टाकू देणारी सेटिंग बंद केलीत, घातक ॲप ओळखणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट चालू केलंत आणि कव्हरच्या आत स्केचपेनने १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून दिलंत.

आता लग्नाची पत्रिका आली तरी बप्पा आधी शेपूट बघतात. परवा ‘आरटीओ चलान’ आलं, तर म्हणे, “माझ्याकडं गाडीच न्हाई!”

पैसे तुम्ही घेतले नाहीतच. शेजारचे तात्या बाजाराला येतील, त्यांचाही फोन तेवढा बघा.

तुमची,
बप्पांची लेक