वेचलेला माल फुकट कसा?

संपादक महोदय,

ऑनलाइन खेळांतल्या ‘कमाईच्या धंद्यां’वरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये हर्बलिझम (वनस्पती वेचणं) आणि अल्केमी (त्यांची औषधं बनवणं) ही जोडी घ्या, वनस्पती स्वतःच वेचा, कच्चा माल फुकट, औषधाची किंमत सगळी नफा, असं त्यात म्हटलंय. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कॉस्टिंग बघतो आणि रात्री हाच खेळ खेळतो. आमच्याच कास्टिंगचे तोडलेले रनर-रायझर, म्हणजे ओतकामात उरलेले जादा धातूचे तुकडे, पुन्हा भट्टीत जातात. ते घरचेच म्हणून मी शून्य रुपयांनी धरले, तर शेठ मला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील.

समजा, वेचलेल्या वनस्पती ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळातल्या लिलावाच्या बाजारात, १० गोल्डला जातात (एक गोल्ड म्हणजे शंभर सिल्व्हर) आणि त्यांचीच औषधं ९ गोल्डला. ऑक्शन हाऊस ५ टक्के कापून घेतं. वनस्पती तशाच विकल्या तर हातात साडेनऊ, औषधं करून विकली तर ८ गोल्ड ५५ सिल्व्हर. म्हणजे खपून ९५ सिल्व्हरचा तोटा, कुपीचे पैसे वेगळेच. लेखकाच्या वहीत मात्र हा ९ गोल्डचा नफा!

औषध मालापेक्षा स्वस्त का पडतं? कारण कौशल्य ३०० पर्यंत चढवायला जो तो तेच बनवतो आणि मिळेल त्या भावाला फुंकून टाकतो. लोहारकामात तर हे फारच. थोरियम धातूचं चिलखत बऱ्याचदा त्यात गेलेल्या धातूच्या कांड्यांपेक्षा (बारांपेक्षा) स्वस्त मिळतं.

पैसा आहे तो रोज संपणाऱ्या किंवा घाईत न होणाऱ्या वस्तूंत. ‘फ्लास्क ऑफ द टायटन्स’ या जालीम औषधाला ब्लॅक लोटस ही एक वनस्पती लागते, आणि ती मोजक्याच प्रदेशांत, तीही क्वचित उगवते. शिवाय फ्लास्क कुठेही होत नाही, स्कोलोमान्ससारख्या शत्रूंनी भरलेल्या ठिकाणच्या प्रयोगशाळेपर्यंत जावं लागतं. परिणाम दोन तास, की पुन्हा गिऱ्हाईक दारात. आर्केनाइट धातूचा बार एका अल्केमिस्टला दोन दिवसांत एकच करता येतो, शिंप्याचं मूनक्लॉथ हे कापड चार दिवसांत एकदा. इथे कुणी रात्रभर जागून बाजार भरून टाकू शकत नाही, म्हणून भाव टिकतो.

एन्चांटिंगची, म्हणजे शस्त्रं-चिलखतं मंत्रून देण्याच्या धंद्याची, शिफारस लेखात नवख्यांना केलीय, त्याचं तर हसूच आलं. क्लासिकमध्ये एन्चांट ऑक्शनला लावताच येत नाही. खेळातल्या आयर्नफोर्ज शहराच्या चौकात उभं राहून ओरडायचं, माल गिऱ्हाइकाचा, मजुरी म्हणजे देईल ती बक्षिसी.

नवख्याने मायनिंग (खनिज खणणं) आणि स्किनिंग (कातडी सोलणं) घ्यावं आणि माल कच्चाच विकावा. मायनिंगसोबत हर्बलिझम नको, कारण नकाशावर एका वेळी एकच दिसतं, खनिज तरी नाही तर वनस्पती तरी.

आणखी एक. आपण परदेशी सर्व्हरवर खेळतो. युरोपात खेळाचा आठवडा बुधवारी नव्याने सुरू होतो आणि त्या संध्याकाळी रेडसाठी, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमांसाठी, फ्लास्कची मागणी वाढते. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात. तेवढ्यासाठी जागायची गरज नाही, माल आधी लावून ठेवता येतो. पण कुठला सर्व्हर, कुठल्या वारचा भाव आणि त्याच दिवशी कच्चा माल काय दराने होता, एवढं तरी पुढच्या लेखात छापावं, ही विनंती.

– आपला एक वाचक, कोल्हापूर