करवत उचलण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझ्या पत्राला महिना झाला, उत्तर राहून गेलं, रागावू नकोस. इकडे सगळे बरे. पण रविवारी तुझ्या फायकस बोनसायची (कुंडीतल्या बुटक्या झाडाची) ती जाड फांदी कापणार असं कळवलंस, आणि आता गप्प राहवत नाही. कापू नकोस रे. चूक फांदीची नाही, तू ठरवलेल्या दर्शनी बाजूची आहे.

ती बाजू तू पानांचा भरगच्चपणा बघून निवडलीस ना? म्हणजे आपलं जुनंच भांडण. पानं एक-दोन हंगामांत हवी तिथे आणता येतात, फांदीही काही वर्षांत वाढवता येते. जाड झालेल्या खोडाचं वळण मात्र सहसा बदलत नाही. म्हणून झाड खालून वर बघायचं: मुळं, मग खोड, फांद्या शेवटी. बुंध्याभोवतीची माती काडीने दोनेक सेंटीमीटर उकर, मुळांचा खरा पसारा बऱ्याचदा खालीच दडलेला असतो. बुंधाही नेमका गोल नसतो. कुठून सगळ्यात रुंद दिसतो ते फिरवून बघ.

तुझे चारही फोटो उभ्याने, वरून काढलेले आहेत. त्यात शेंडा मोठा आणि बुंधा बारीक दिसणारच. झाड टेबलावर ठेव, मागे पांढरी चादर लाव, कॅमेरा खोडाच्या पातळीत आणून दोन मीटरांवरून फोटो काढ. दर 45 अंशांना एक, असे आठ.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या बाजूने बघितलं तर खोडाचं पहिलं वळण पोट काढून आपल्याकडे येतं, म्हणून सपाट दिसतं. आणि फांदी सरळ डोळ्यात घुसते. दोन्हींची दिशा एकच आहे, हे तुझ्या लक्षात आलं नाही. कुंडी साठेक अंश अशी फिरव की फांदी उजवीकडे जाईल. वळण उघडेल, फांदी त्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित पुढे झुकलेली दिसेल. चाळीस सेंटीमीटरच्या झाडात ती तेरा-चौदावर आहे, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशावर. पहिली फांदी याहून चांगली कुठे असणार? तीच तू कापायला निघालास!

अडचण एकच: तिथून एक जाड मूळ आपल्याकडे रोखलेलं दिसेल. ते पुढच्या कुंडी-बदलात आखूड करता येईल, आजूबाजूची मुळं पसरवता येतील. फांदी कापली तर तिथे राहील व्रण.

फिरवून झालं की कुंडीखाली मागच्या बाजूने लाकडाची पाचर सरकव, पाच ते दहा अंश. शेंडा थोडा आपल्याकडे झुकायला हवा. मागे कलला तर झाड दूर पळाल्यासारखं वाटतं. पटलं की नव्या दर्शनी बाजूची खूण म्हणून मातीत समोर काडी खोच आणि महिनाभर येता-जाता बघ. तार, कात्री काहीच नको.

आईंचा गुडघा आता कसा आहे? नव्या घरात ऊन कुठून येतं तेही लिही, फायकसची जागा त्यावरच ठरेल. आठ फोटो शनिवारपर्यंत पाठव. त्याच दिवशी उत्तर देतो.

तुझा,
अनिल