मंत्रिमहोदय, कोणत्या दिवाळीपूर्वी?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मी बडोद्यात रसायनशास्त्रात पीएचडी करते. नेट उत्तीर्ण होऊन मिळवलेली दरमहा ३७,००० रुपयांची फेलोशिप गेले आठ महिने जमा झालेली नाही. ‘थकबाकी दिवाळीपूर्वी जमा होईल’ असे संबंधित कार्यालयाने लेखी कळवले होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि परवा उत्तर आले, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.’ एवढे एक वाक्य सिद्ध व्हायला तीन महिने लागले, याबद्दल एक संशोधक म्हणून मला कौतुकच वाटते.

थकबाकी २,९६,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. फेलोशिप चालू असताना दुसरी पगारी नोकरी करायची नाही हा नियम मी पाळते. फेलोशिप न देता तो पाळून घेण्याची युक्ती मात्र आपल्या यंत्रणेची. माझ्याबरोबर एमएस्सी झालेली मैत्रीण बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात लागली, तिचा पगार एक तारखेला होतो. मी अठ्ठाविसाव्या वर्षी वडिलांच्या निवृत्तिवेतनातून बसचा पास काढते, आणि ते पैसे देताना वडील काहीच बोलत नाहीत, हे मला जास्त लागते.

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास आरगॉनचा सिलिंडर संपला. माझे पॅलेडियमचे संयुग हवेत टिकत नाही, म्हणून ते या निष्क्रिय वायूतच ठेवावे लागते. फ्लास्कमधले पिवळेधमक स्फटिक आधी हिरवट आणि मग तपकिरी पडताना मी पाहत उभी होते. सहा आठवड्यांचे काम होते ते. सिलिंडर ज्या आकस्मिक निधीतून भरायचा, तोही फेलोशिपबरोबरच अडकलेला आहे.

हे एका कारकुनाच्या टेबलावरचे दुखणे नाही. संशोधन संस्थांच्या उपकरणांवरील जीएसटी २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला. २०२४ च्या अर्थसंकल्पाने प्रयोगशाळेतील रसायनांवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के केले आणि ओरड झाल्यावर संशोधनापुरते ते मागे घेतले. संशोधन आणि विकासावर देश सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, आणि व्यासपीठावरून मात्र आम्हाला विश्वगुरू व्हायला सांगितले जाते.

याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय उभे राहिले आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते घडवले. १९१३ मध्ये महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. बडोदे संस्थानाचा पैसा तेव्हा समुद्रापार पोहोचत होता. आज पोर्टल आहे, आधार जोडलेले आहे, ओटीपी येतो. पैसे तेवढे येत नाहीत.

माझी मागणी एकच आहे: रक्कम कोणत्या तारखेला जमा होणार, ते जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने कळवावे, आणि त्या उत्तरात ‘उपलब्धता’ हा शब्द नसावा. सिलिंडर सोमवारी भरून आणायचा आहे. या वेळी त्याचे पैसे आई देणार आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
दांडिया बाजार, बडोदे