खतखड्डा आणि ‘कंपोस्टेबल’ रॅप : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विश्रामबाग, सांगली

विषय : कंपोस्टेबल रॅप व पिशव्या खतखड्ड्यात टाकण्याची सूचना मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

लिफ्टशेजारच्या फलकावरची सूचना वाचली. मेंटेनन्सच्या पैशातून प्रत्येक फ्लॅटला वनस्पतीजन्य कंपोस्टेबल (म्हणजे कुजून खत होणाऱ्या) फूड रॅपचा रोल आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीसाठी तसल्याच पिशव्या द्यायच्या, हा त्यातला पहिला भाग. तो बहुमताचा मामला आहे, माझं मत वेगळं असलं तरी. वापरून झालेलं हे सगळं ओल्या कचऱ्याबरोबर थेट मागच्या खड्ड्यात टाकायचं, हा दुसरा भाग. त्याने आपल्या खताची वाट लागणार आहे, म्हणून हे पत्र.

सभेत विक्रेत्याने करून दाखवलेला प्रयोग बऱ्याच जणांच्या मनावर ठसलेला दिसतो. पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवात त्याने रॅपचा तुकडा सोडला, बाटली हलवली, तुकडा गायब. मग दुधाच्या पिशवीचा तुकडा टाकला, तो तसाच वर तरंगत राहिला. टाळ्या पडल्या. बाटली फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा गोडसर वास आला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे असे वास नाकाला कळतात. ते डायक्लोरोमिथेन होतं, जुना रंग खरवडून काढायला वापरतात ते. बंद हॉलमध्ये लहान मुलांसमोर ती बाटली उघडायलाच नको होती, पण ते असो. पीएलए आणि पीबीएटी ही अशा रॅपमधली दोन प्लास्टिकं या द्रावकात विरघळतात, पॉलिथिन विरघळत नाही. तेव्हा प्रयोगातून कळलं ते इतकंच, की हा रॅप पॉलिथिनचा नाही. त्याबद्दल विक्रेत्याला पूर्ण मार्क. पण तीच बाटली उघडी ठेवून द्रावक उडू दिलं असतं, तर तळाशी रॅपचा पापुद्रा परत मिळाला असता. आपल्या खड्ड्यात भाजीची देठं आणि चहाचा चोथा असतो, डायक्लोरोमिथेन नसतं.

आता हा माल काय आहे ते सांगतो. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून जिवाणूंकडून लॅक्टिक आम्ल करून घेतात, दह्यात असतं तेच. त्याचे रेणू साखळीत जोडले की पीएलए होतं. नुसतं पीएलए कडक आणि ठिसूळ असतं, ताटलीवर ताणून बसवता येत नाही. म्हणून मऊपणासाठी त्यात बहुतेक वेळा पीबीएटी मिसळतात, आणि ते सहसा खनिज तेलापासून बनतं. रोलच्या खोक्यावर हिरवं पान छापलं म्हणून आतला सगळा माल शेतातूनच आला, असं समजू नये.

उलटही घडतं. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनतं. अस्सल वनस्पतीजन्य! आणि कुजण्याच्या बाबतीत साध्या पॉलिथिनपेक्षा तसूभरही वेगळं नाही. आपल्या ऊसपट्ट्यात कुणी ‘उसापासून बनवलेली पिशवी’ म्हणून विकायला आलं, तर हे ध्यानात असू द्यावं.

पीएलए कुजतं, हे खरं आहे. पण आधी पाणी आणि उष्णता मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात आणि मग जिवाणू ते तुकडे खातात. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली पीएलए काचेसारखं ताठ राहतं आणि साखळ्या तुटण्याचं काम फार रेंगाळतं. म्हणूनच कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची कुजण्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतात. बारा आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त माल उरता कामा नये आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे, अशी अट आहे. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात हे जमतं, कारण तिथे ढीग मोठा असतो, तो उलटापालटा करतात, ओल आणि हवा सांभाळतात.

आपल्या खड्ड्यात मी जुना लांब थर्मामीटर खुपसून पाहिला आहे. ताजा कचरा पडल्यावर पारा थोडा चढतो, पण पन्नाशी काही गाठत नाही आणि लगेच उतरतो. खड्डा लहान, उष्णता धरून ठेवायला पुरेसा माल नाही. उन्हाळ्यात सांगली चाळीस अंशांवर असते म्हणून खड्डाही तापेल, असं सभेत कुणीतरी म्हणालं. चाळीस आणि अठ्ठावन यांच्यात मोठी दरी आहे. शिवाय पावसाळ्यात खड्ड्यात चिखल होतो, हवा खेळत नाही, मग कुजण्याऐवजी आंबतं आणि तळमजल्यावरचे लोक खिडक्या बंद करून बसतात.

पुरावा माळीमामांच्या चाळणीत आहे. काही घरांनी हे रॅप आधीपासूनच आणायला सुरुवात केली आहे. मागच्या वेळी तयार खत वाळूच्या चाळणीतून काढलं, तेव्हा अंड्याची टरफलं आणि आंब्याच्या कोयी यांच्याबरोबर या रॅपच्या पट्ट्या वर राहिल्या. तपकिरी झालेल्या, कडेला चिरलेल्या, पण एका पट्टीवर छापील हिरवं पान स्पष्ट दिसत होतं. मामा त्या हाताने वेचत बसले होते. जे तुकडे चाळणीतून खाली गेले ते गुलाबांच्या आणि कढीपत्त्याच्या बुंध्यात पडले.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने देशभरच्या नागरिकांना घरच्या खतात अशा वस्तू टाकून पाहायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : घरच्या खतात कुजतात असं प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंपैकीसुद्धा ६० टक्के पूर्ण कुजल्या नाहीत. तिथली हवा थंड, आपल्याकडे थोडं बरं घडेल हे मी मान्य करतो. प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, आणि त्याच जातीची पिशवी मातीत पुरल्यावर २७ महिन्यांनीही शिल्लक होती. वजन पेलण्याइतकी राहिली नव्हती, पण होती. माल एकच असला तरी तो कुठे पडतो त्यावर सगळं ठरतं.

मग सुक्या कचऱ्यात द्यावं का? भंगारवाला ते घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे. पीएलए बाटल्यांच्या पेट प्लास्टिकमध्ये मिसळलं तर पुनर्वापराचा घाणा बिघडतो, कारण दोघांचे वितळण्याचे अंश फार वेगळे आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखू येत नाहीत. घंटागाडीवरच्या माणसाला तर ही पिशवी आणि साधी पिशवी सारखीच. म्हणजे आज तरी आपल्या सोसायटीतून या मालाला नीट जायला जागा नाही.

माझ्या मागण्या अशा. सूचनेतला खतखड्ड्याचा भाग ताबडतोब काढावा. रोल घ्यायचेच असतील, तर आयएस/आयएसओ १७०८८ चा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि वापरलेला रॅप औद्योगिक कंपोस्टसाठी कोण उचलून नेणार हे विक्रेत्याने लेखी द्यावं. लेखी म्हटल्यावर किती उत्साह टिकतो ते दिसेलच. ओल्या कचऱ्याच्या बादलीत वर्तमानपत्राचा कागद दुमडून घातला तर भागतं, आमच्या घरी तसंच चालतं. उरलेल्या भाजीवर ताटली, भाकरीला फडकं, यासाठी मेंटेनन्समधून खर्च लागत नाही.

गणपतीतल्या महाप्रसादाबद्दलही एक. पानांच्या पत्रावळी आणायचं ठरलंय, चांगलंच आहे. मात्र हल्ली काही पत्रावळींना मागून प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो. घेताना एक उलटी करून कोपरा फाडून बघावा. पापुद्रा ताणला गेला तर गठ्ठा परत करावा, नाहीतर माळीमामांना पुन्हा वेचत बसावं लागेल.

कुणाला अजूनही खात्री करून घ्यायची असेल, तर रॅपचा नवा तुकडा कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून, दोरी बांधून खड्ड्यात पुरावा आणि पुढच्या वेळी खत काढताना सर्वांसमोर उघडावा. थर्मामीटर माझ्याकडून न्यावा. चाळणीवर राहिलेल्या पट्ट्या धुऊन वॉचमनच्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
सभासद, बी विंग, दुसरा मजला