हैदराबादच्या ड्रिलिंगवाल्या काकांस, नांदेडहून

काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "हौ हौ, बरं बरं" म्हणून फोन ठेवून देता. समोर बोलावं तर तुमचं मशीन सुरू असतं. म्हणून लिहूनच काढते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. नांदेड, परभणी, लातूरकडची कितीतरी माणसं शिकायला नाहीतर नोकरीला हैदराबादला राहिली. आमच्या आजोबांच्या पिढीला तर कोर्टकचेरी, कॉलेज, दवाखाना सगळ्याला हैदराबादच होतं. त्यातली काही माझ्यासारखी तिथल्या लेनवर बोलिंग शिकली, म्हणजे क्रिकेटची नव्हे, लांब गुळगुळीत पट्टीवरून जड बॉल सोडून पलीकडच्या दहा पिना पाडायची. मग लग्न, बदल्या, लेकरं, सासूसासऱ्यांची आजारपणं, यात ते सुटून गेलं. त्यांच्यातल्या कुणाला परत सुरू करायचं असेल तर तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांना कळावं.

मी सोडलं तेव्हा पोरगी बालवाडीत होती. आता ती हैदराबादेत इंजिनिअरिंगला आहे, आणि तिला भेटायच्या निमित्तानं माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. बॉलला हाताच्या मापाची भोकं पाडून देणाऱ्या तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले ती फोनमध्ये यादी करूनच. अमुक बॉल, तमुक कव्हर म्हणजे बाहेरचं कवच, एवढा हुक म्हणजे वळण. तुम्ही फोनकडं बघितलंही नाही. "ताई, आधी हाऊस बॉल घ्या, दोन गेम मारा. मग हात दाखवा." हाऊस बॉल म्हणजे लेनवर सगळ्यांसाठी ठेवलेला.

मला वाटलं गिऱ्हाईक टाळताय. पण गेम संपवून आले, तळहात घामेजलेला, अंगठा लाल झालेला, तेव्हा तुम्ही लगेच माप घ्यायला बसवलंत. खेळताना बोटं फुगतात, अंगठा सगळ्यात जास्त. एसीत बसून थंड हाताचं माप घेतलं तर दुसऱ्या गेमला अंगठा भोकात अडकणार. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जुना बॉल घेतला तेव्हाही दुकानात आल्या आल्या माप घेऊन मोकळे झाले होते.

तुमचं माप घेणं मात्र बघण्यासारखं होतं. टेबलावरचा दिवा खाली ओढला, माझा हात उताणा ठेवला आणि एकेक बोट मागं वाकवून पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी दाबून विचारलंत, "इथं दुखतं का? सकाळी उठल्यावर?" दुखत होतंच. करंगळीशेजारच्या बोटाचा सांधा आता पूर्वीसारखा सरळ होत नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, ते तुम्ही पाहिलंत. जुन्या बॉलचा स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंतचं अंतर, तुम्ही मोजलंत आणि कागदावर लिहून त्याच्यावर काट मारलीत. "हे माप तवाच्या हाताचं हाय."

ग्रिप मी शिकले तीच राहू दिलीत, फिंगरटिप. बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत, रबरी इन्सर्टमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीत. मनगट दुखतंय म्हणून आता कन्व्हेन्शनल करू का, दुसऱ्या पेरापर्यंत बोटं घालून, असं मीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सवय मोडू नका, ओढ कमी करू. स्पॅन थोडा आखूड केलात. अंगठ्याचं भोक तळव्यापासून किंचित बाहेरच्या अंगाला कलवलंत, म्हणजे अंगठा आधी सुटतो आणि बोटं मग बॉल फिरवतात. भोकाची कडा हातानं घासून गोल केलीत. मला बॉल हातात धरून हात खाली सोडायला लावलात आणि विचारलंत, "चिमटा काढावा लागतोय का?" बॉल पडू नये म्हणून अंगठा आवळावा लागत असेल तर भोक चुकलं समजायचं. मनगटाचं, कोपराचं निम्मं दुखणं या आवळण्यातून येतं, हे तुमचं म्हणणं. माझ्यापुरतं तरी ते खरं निघालं.

वजनावर आपली जराशी जुंपली होती, आठवतं का? मी पूर्वी १४ पौंडांचा बॉल टाकायची. नियमात १६ पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वासात किलोपर्यंत चालतो, मग मी १४ वरून खाली का यावं, असा माझा हट्ट. तुम्ही रॅकवरचा १२ चा बॉल काढून दिलात, साडेपाच किलोच्या आतला. "पाचव्या फ्रेमला नाही, शेवटच्या फ्रेमला काय होतं ते बघा." एका गेममध्ये अशा दहा फ्रेम, म्हणजे पाळ्या असतात. शेवटच्या फ्रेमलाही खांदा खाली पडला नाही, चाल तीच राहिली. जड बॉलला पिना जास्त पडतात हे खरंच, पण हात थकून वेग गेला की तो फायदा उरत नाही. एक गोष्ट तुम्ही लपवली नाहीत. कंपन्या खास बॉल करतात त्यांच्यात १२-१३ पौंडांना बऱ्याचदा आतला गाभा वेगळा असतो, साधा. तेव्हा व्हिडिओत १५ पौंडांचा जो बॉल असा वळतो, तोच १२ पौंडांत तसा वळेल या भरवशावर पैसे घालू नयेत. विकणारा माणूस हे सहसा सांगत नाही.

आता जुन्या बॉलबद्दल. तो मी मोठ्या प्रेमानं पिशवीत घालून आणला होता. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या आजीनं पिशवी सरकवायला हात लावला आणि "माय, यात वरवंटा हाय का गं?" म्हणून दचकल्या. सिकंदराबादला सामान तपासणीच्या मशीनवर तर पिशवी उघडूनच दाखवावी लागली. एवढं करून तो तुमच्या टेबलावर ठेवला, आणि तुम्ही दोन बोटांच्या भोकांमधल्या पट्टीवरून नुसतं नख फिरवलंत. नख एका जागी अडलं. केसाएवढी चीर.

"ठेवला कुठं होता?"

"वरच्या पत्र्याच्या खोलीत."

"मे महिन्यात, पत्र्याखाली!"

मग तुम्ही समजावून सांगितलंत. बाहेरचं रेझिनचं कवच आणि आतला गाभा वेगवेगळ्या मालाचे, उन्हानं सारखे फुगत नाहीत, थंडीत सारखे आक्रसत नाहीत. ओढाताण होऊन चीर पडते ती जिथं माल कमी तिथं, दोन भोकांच्या मध्ये. त्यातून रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, ती लेनवरचं तेल पीत राहतात, आणि तेल मुरलं की बॉल वळायचं सोडतो. भोक बुजवून नवीन पाडता येतं, पण चिरलेल्या बॉलवर खर्च करू नका, असं म्हणून तुम्ही तो बाजूला सारलात. त्याला अंगठ्याच्या पलीकडं चौथं भोक होतं, तोल साधण्यासाठी त्या काळी पाडायचे तसं. तेही १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसच्या, म्हणजे तिथं खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात बाद झालंय. ज्या भोकात बोट जात नाही ते भोकच चालत नाही. म्हणजे बॉल धड असता तरी नियमातल्या स्पर्धेला कामाचा नव्हता. घरी जुने बॉल जपून ठेवलेल्यांनी हे आधी बघून घ्यावं.

कव्हरच्या बाबतीत तुम्ही मला जे वाचवलंत त्याची किंमत पैशात मोठी आहे, कारण हे बॉल परदेशातून येतात आणि ड्युटी, वाहतूक धरून आपल्याकडं चांगलेच महाग पडतात. मला हवा होता तो सगळ्यात जास्त हुक घेणारा, खरबरीत पृष्ठभागाचा. तो तुमच्या भिंतीवरच लावलेला होता, काढून दिला असतात तर मी घेऊनच गेले असते. तुम्ही विचारलंत, "खेळणार कुठं?" मी म्हटलं, इथं, नाहीतर संभाजीनगरला गेले तर मॉलमधल्या लेनवर. मग तुम्ही मला लेनच्या कडेला वाकायला लावून तेल दाखवलंत. ६० फुटांच्या लेनवर तेल साधारण ४० फुटांपर्यंतच असतं, मधोमध दाट, कडेला पातळ. तेलावर बॉल घसरतो, तेल संपलं की पकडतो आणि वळतो. मॉलमधल्या गेमझोनच्या लेनला रोजच्या रोज नीट तेल मिळतंच असं नाही. कोरड्या लेनवर तसला बॉल निम्म्या वाटेतच वळेल आणि हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेच्या, भलत्याच बाजूला जाईल. "हा तुमाला नक्को ताई," एवढंच म्हणालात.

त्याच्याऐवजी मऊ वळणाचा, चकचकीत पृष्ठभागाचा, सरळ साध्या गाभ्याचा रिअ‍ॅक्टिव्ह दिलात, आणि जोडीला प्लास्टिकचा. प्लास्टिकचा बॉल म्हणजे नवशिक्याचा, असा माझा समज होता. तुम्ही दहा नंबरची पिन एकटी उभी करून दाखवलीत. उजव्या कोपऱ्यातली ही पिन उजव्या हातानं खेळणाऱ्याला छळते, कारण वळणारा बॉल नेमका तिच्यापासून लांब वळतो. प्लास्टिकचा बॉल तेल असो नसो, सुतासारखा सरळ जातो. डाव्या बाजूनं उभं राहून तिरपा टाकायचा, बस्स. स्ट्राइकनं, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडल्यावर, टाळ्या मिळतात, पण गुण टिकतात स्पेअरवर, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडण्यावर. दोन्ही बॉलना भोकांचं माप मात्र एकच ठेवलंत, हाताला दोन सवयी लागू नयेत म्हणून.

बुटांचा तर मी विचारच केला नव्हता. भाड्याचे बूट असतातच की. पण तुम्ही म्हणालात, बॉल नंतर घेतला तरी चालेल, बूट आज घ्या. भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळ घसरते असतात. स्वतःच्या चांगल्या बुटांत उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा तळ घसरता आणि उजवा रबरी, रेटा द्यायला. शेवटच्या पावलाला डावा पाय किती घसरावा त्यावर गुडघ्यावरचा झटका ठरतो. बदलता येणारे तळ असलेला जोड दिलात, आणि सगळ्यात कमी घसरणारा तळ आधी लावून दिलात. सवय होईल तसा पुढचा लावायचा. पाणी सांडलेल्या फरशीवर चुकून पाय पडला तर तो तळ एकदम अडतो आणि माणूस तोंडावर पडतो, म्हणून लेनवरून उठताना वरून कव्हर घाला, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वयाच्या या टप्प्यावर बॉलपेक्षा गुडघा महाग आहे, हे माझ्या डॉक्टरांनाही मान्य.

पोरीला घेऊन आले तेव्हा तुम्ही तिला काहीच शिकवलं नाहीत, याचंही मला अप्रूप वाटलं. ती दोन्ही हातांनी टाकते, ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टीचं बघून, अंगठा बाहेरच ठेवून. आमच्या वेळी असं टाकलं असतं तर लोक हसले असते. आज त्याच्याइतक्या मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धा अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यात कुणी जिंकलेल्या नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, "हिच्या बॉलला अंगठ्याचं भोक पाडणार नाही, दोनच."

तुम्ही मूळचे देगलूरचे, हे मला फार उशिरा कळलं. बिल करताना "पावती कुठल्या पत्त्यावर?" विचारलंत, मी नांदेड म्हटलं, आणि तुमची बोली एकदम बदलली. त्या आधी तासभर हैदराबादी हिंदीत बोलत होतात, इथं मी ते मराठीत लिहिलंय! काकूंनी मग डब्यातली भाकरी पुढं केली. गाववाली म्हणून बिलात काही कमी केलं नाहीत, ते मला फार आवडलं. वस्तूच कमी विकल्या होत्यात.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते. दर फेकीनंतर बॉल पुसते, घरी येईपर्यंत तेल मुरू देत नाही. गाडीच्या डिकीत ठेवत नाही. बॉल आता खालच्या खोलीत पलंगाखाली आहे, आणि सासूबाई झाडू मारताना त्याला पायानं नाही, हातानं सरकवतात. तुम्ही दिलेला घासायचा २००० नंबरचा पॅड अजून वापरलेला नाही. पुढच्या खेपेला तुमच्यासमोरच वापरीन.

एक विचारायचं राहिलं. थंडी पडली तसा अंगठ्याला भोक ढिलं लागतंय. तुम्ही दिलेल्या टेपच्या दोन पट्ट्या भोकात मागच्या बाजूला लावल्या तर बरं वाटतं, पुढच्या बाजूला लावल्या तर अंगठा घासतो. मागंच ठेवू की इन्सर्ट बदलायचा? संक्रांतीच्या आसपास येतेय, तेव्हा हात बघा. येताना काकूंनी सांगितलेलं ज्वारीचं पीठ आणते, आणि शेतावरून निरोप आला तर हुरडाही.

तुमची,
नांदेडची ताई