परिचारिकांची पदव्युत्तर पदवी आणि वॉर्डाचा हिशेब

संपादक महोदय,

दहा-बारा वर्षे वॉर्डात चोख काम केलेल्या सिस्टरला इन्चार्ज केले जाते. कालपर्यंत तिच्या हातात सलाईन आणि औषधांचा ट्रे होता. आज ड्युटी लावायची, इंडेंट (भांडाराकडे सामानाची मागणी) काढायचे, कुणी दांडी मारली की नाईटला माणूस उभा करायचा आणि खर्च का वाढला याचे उत्तर बैठकीत द्यायचे, हे सगळे तिच्या गळ्यात पडते. या कामाची तयारी म्हणून अनेक सिस्टर आणि ब्रदर नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवीला प्रवेश घेतात. नेतृत्वाच्या शैली, व्यवस्थापनाच्या व्याख्या, सिद्धांतांची नावे तिथे पोटभर मिळतात. वॉर्डाचा हिशेब मात्र बहुतेकदा शिकवायचा राहून जातो, आणि इन्चार्ज अडते ती नेमकी तिथेच.

ही काही नवी मागणी नव्हे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १८९९ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांसाठी जो अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचे नावच ‘हॉस्पिटल इकॉनॉमिक्स’ होते. वॉर्ड चालवणे म्हणजे आकडेमोड आलीच, हे तेव्हाही कळत होते.

एक उदाहरण घेऊ. ३० खाटांचा वॉर्ड, रोज सरासरी २४ रुग्ण, प्रत्येकाला चोवीस तासांत ५ तास परिचर्या लागते असे धरा. दिवसाला १२० तास झाले, आठ तासांच्या शिफ्टने १५ जणी. इथपर्यंत कुणी चुकत नाही. वर्षाचे तास ४३,८००. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एकीचे वर्षाचे २,०८० तास. भागाकाराचे उत्तर २१ येते आणि तेवढ्याच पदांचा प्रस्ताव वर जातो. पण पूर्ण २,०८० तास वॉर्डात कुणीच नसते. वार्षिक रजा २०, सार्वजनिक सुट्या १०, आजारपण ८ आणि प्रशिक्षण ४ असे ४२ दिवस वजा केले की ३३६ तास जातात आणि १,७४४ उरतात. (हे दिवस ठिकाणागणिक बदलतात. आपल्या वॉर्डाच्या गेल्या वर्षीच्या मस्टरवरून काढावेत, अंदाजाने नव्हे.) आता उत्तर २५ च्या थोडे वर जाते. चार जणींचा हा फरक प्रस्तावात दिसत नाही, महिन्याभरातल्या डबल ड्युटीत दिसतो. त्यात ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्णांची माहिती, देण्या-घेण्याचा वेळ आलेलाच नाही. प्रत्येक शिफ्टला अर्धा तास धरला तर पंधरा जणींचे दिवसाला साडेसात तास, वर्षाला सुमारे २,७४० तास, म्हणजे आणखी दीड माणूस. तो न धरल्यामुळे ओव्हर उभ्या उभ्या उरकली जाते, आणि कुणाला सकाळपासून उपाशी ठेवायचे आहे तेवढे नेमके सांगायचे राहते.

दुसरा घोळ मध्यरात्रीच्या गणनेचा. रात्री बाराला खाटेवर जितके रुग्ण, तितकेच मोजले जातात. सकाळी एकाला डिस्चार्ज दिला आणि दुपारी त्याच खाटेवर नवा रुग्ण आला, तर गणनेत एकच माणूस असतो, काम मात्र दोघांचे झालेले असते. अशा वॉर्डाने भरती आणि डिस्चार्जची नोंद वेगळी ठेवून मनुष्यबळाच्या मागणीला जोडली नाही, तर तिथल्या परिचारिका कायम ‘संथ’ ठरतात.

बजेटचेही तसेच. महिन्याला ७२० रुग्णदिवस (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) गृहीत धरून ३,६०० तास मंजूर झाले आणि प्रत्यक्षात ३,९०० लागले. लेखा विभाग विचारणार, ३०० तास जास्त कसे? इन्चार्जने रुग्णदिवस काढून पाहिले तर ते ८०० झालेले असतात. ५ तासांप्रमाणे त्यांना ४,००० तास हवे होते, म्हणजे वॉर्डाने उलट १०० तास कमीच वापरले. ही काही मिरवायची गोष्ट नाही, कारण तेवढी परिचर्या कुणाला तरी मिळालेली नाही. पण हे मांडता आले नाही तर पुढच्या महिन्यात आहेत तेही तास कापले जातात.

संशोधन वाचता येणे या हिशेबाला धरूनच आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास छापला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा भरतीपासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच घटलेली आढळली. बैठकीत हा अभ्यास जरूर पुढे करावा. मात्र तो निरीक्षणात्मक आहे, म्हणजे संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, आणि ७ टक्के म्हणजे शंभरातले सात जण नव्हेत, तर मुळात असलेल्या शक्यतेच्या सात टक्के, हे ठाऊक नसेल तर पहिल्याच प्रश्नाला तोंडावर पडायची वेळ येते.

पदवीच्या प्रकल्पात विद्यापीठांचे हटकून चुकते. चार महिन्यांच्या सत्रात ‘रुग्ण पडण्याचे प्रमाण कमी करणे’ हा विषय देतात. ७२० रुग्णदिवसांत ३ जण पडले, म्हणजे दर हजारी ४.२. पुढच्या महिन्यात २ पडले, दर २.८. अहवालात लिहिले जाते, ‘३३ टक्के घट’. खरे तर एक माणूस कमी पडला, तोही योगायोगाने असेल. रन चार्टवर, म्हणजे काळानुसार आकडे मांडलेल्या आलेखावर, मध्यकाच्या (मधल्या मूल्याच्या रेषेच्या) एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले तर बदल झाला असे धरतात, आणि महिन्याला एक बिंदू या चालीने सत्रभरात चारच मिळतात. त्यापेक्षा प्रक्रिया मोजावी आणि आठवड्याला मोजावी. दर सोमवारी आदल्या आठवड्यात भरती झालेल्यांपैकी १० केसपेपर काढायचे आणि पडण्याच्या धोक्याचे मूल्यमापन पहिल्या २४ तासांत झाले का, ते पाहायचे. चिठ्ठ्या टाकून काढायचे, गठ्ठ्यातले वरचे दहा उचलायचे नाहीत. तपासणी आहे हे कळल्यावर नीट भरलेलेच कागद वर येतात! बदलाआधी १२ आठवडे आणि नंतर १२ मोजायचे, तर मोजणी पहिल्याच सत्रात सुरू व्हायला हवी. नैतिकता समितीची परवानगी लागत असेल तर तिचा अर्ज त्याच्याही आधी.

आता वेळापत्रक. सकाळी आठला नाईट संपवून दहाच्या तासाला बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय शिरणार? एका सत्रात दोनच विषय, ध्वनिमुद्रित व्याख्याने आणि परीक्षेच्या तारखा ड्युटी लागण्याच्या किमान सहा आठवडे आधी, एवढे तरी हवे. रुग्णालयानेही अभ्यासाचे तास मनुष्यबळात धरावेत. एका वॉर्डातल्या दोघी आठवड्याला प्रत्येकी ८ तास, अशा ४० आठवडे शिकल्या तर ६४० तास होतात. वरच्या हिशेबाने हे एका परिचारिकेचे एक तृतीयांशाहून थोडे अधिक काम. आकडा फार मोठा नाही, पण तो न धरल्यास हे तास बरोबरीच्या मैत्रिणींच्या ऑफमधून जातात. मग शिकणारीविषयी कुरबुर सुरू होते आणि ड्युटी बदलून द्यायला कुणी पुढे येत नाही.

प्रात्यक्षिकाचे तास स्वतःच्याच ड्युटीत दाखवण्याची पळवाट बंद व्हावी. ते तास भांडार, लेखा, संसर्ग नियंत्रण अशा ठिकाणी आणि खर्चावर सही करण्याचा अधिकार असलेल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली व्हावेत. चार दिवस भांडारात बसले की इंडेंटला कात्री का लागते ते उमगते. तिथे मागच्या महिन्यांचा नोंदलेला खप पाहतात. शेजारच्या वॉर्डातून उसने आणलेले सिरिंजचे खोके खपात कुणी लिहिलेलेच नसते.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी महाविद्यालयाला इतके विचारावे. मनुष्यबळ आणि बजेट या दोन विषयांना गुण किती आहेत, प्रात्यक्षिकाचा मार्गदर्शक कोण नेमतो आणि नाईटच्या आठवड्यात बुडालेला तास कसा भरून मिळतो. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळायला वेळ लागला, तर अभ्यासक्रमाची छापील प्रत मागून घरी न्यावी आणि पाने स्वतः मोजावीत.

आपल्या,
परिचर्या प्रशासन शिकवणाऱ्या काही अध्यापिका